शेक मोजणारी माणसं

"टाटाला शेक चालू आहेत." रायगड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हे वाक्य कानावर पडलं की पुढचं विचारावं लागत नाही. ऐकणारा मान हलवतो आणि किती झाले, किती राहिले एवढंच विचारतो. कुणी 'लाइट घेतोय' म्हणतं, कुणी 'करंट देतात' म्हणतं. रेडिओथेरपी किंवा किरणोपचार हा शब्द फाइलीवरच राहतो. बोलण्यात असतो तो शेक.

शब्द घरगुती आहे, मायेचा आहे. कंबर दुखली की आजी विटेचा तुकडा गरम करून फडक्यात गुंडाळून देते, त्या जातीचा. पण या शेकात ऊब जवळजवळ नसतेच, आणि पुढची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

किरणोपचारात मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलो वजनाच्या ऊतीत एक ज्यूल ऊर्जा जिरली की एक ग्रे. एका दिवसाच्या शेकात साधारण २ ग्रे देतात. आठवड्यातून पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे, एकूण ६०-६५ ग्रेच्या आसपास, हा अनेक ट्यूमरसाठीचा नेहमीचा हिशेब. आता बारावीचं फिजिक्स आठवून पाहा. किलोमागे २ ज्यूल ऊर्जेनं पाण्याचं तापमान किती वाढेल? एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाएवढं. साठ किलोच्या माणसाच्या पूर्ण शरीराला एकदम ५ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर तो वाचण्यापेक्षा न वाचण्याचीच शक्यता जास्त. त्या मात्रेतली एकूण ऊर्जा ३०० ज्यूल. गरम चहाच्या एका छोट्या घोटात तेवढी असते.

चहा प्यायल्यानं कोणी मरत नाही, कारण चहाची ऊर्जा सगळ्या रेणूंमध्ये थोडी थोडी वाटली जाते. किरणांची ऊर्जा ठिणग्यांसारखी पडते. जिथे पडते तिथला इलेक्ट्रॉन उडवते आणि डीएनएचा धागा तोडते. कर्करोगाच्या पेशी मराव्यात आणि शेजारच्या निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळावा, म्हणून मात्रा अशी तुकड्या-तुकड्यांनी द्यायची.

अंघोळीचं पाणी कढत आहे का, हे बोट बुडवून कळतं. टेबलावर झोपलेल्या रुग्णाला मात्र आपल्याला २ ग्रे मिळाले की ४, हे बहुधा त्या क्षणी कळत नाही. जवळ उभं राहून डॉक्टरांनाही कळत नाही. परिणाम दिसायला दिवस, आठवडे, कधी वर्षं लागतात. म्हणजे या सगळ्या व्यवहारात कुणीतरी असा लागतो, ज्याचं कामच न जाणवणारी गोष्ट मोजण्याचं आहे. डॉक्टर ठरवतात की कुठे आणि किती द्यायचं. टेक्नॉलॉजिस्ट मशीन चालवतो. 'किती' म्हणून ठरलेलं खरंच तेवढंच आणि तिथेच पोचतंय का, हे पाहणारा माणूस म्हणजे मेडिकल फिजिसिस्ट. रुग्णाची त्याची गाठ क्वचितच पडते. गंमत म्हणजे या पेशाचा भारतातला इतिहास बराचसा आपल्या या बंदराच्या दोन्ही काठांवर घडला आहे.

पॅरिसहून परळला

लीला नायडू हे नाव जुने सिनेमे पाहणाऱ्यांना माहीत असेल. १९६० सालच्या 'अनुराधा'ची नायिका. तिचे वडील डॉ. रामय्या नायडू हे भारतातले पहिले मेडिकल फिजिसिस्ट मानले जातात. मूळचे आंध्रातल्या मदनपल्लेचे. पॅरिसला जाऊन त्यांनी मेरी क्युरींच्या हाताखाली डॉक्टरेटचं काम केलं. विषय होता अल्फा कण वायूतून जाताना किती आयनीभवन करतात, त्याचे आलेख. १९३४ साली हे काम फ्रेंच नियतकालिकात छापून आलं. त्याच वर्षी मेरी क्युरी वारल्या. तेव्हा हा निव्वळ प्रयोगशाळेतला विषय होता. त्या आलेखाचा खारघरशी काय संबंध, ते पुढे येईल.

इकडे मुंबईत मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही. दोराबजींच्या ट्रस्टनं परळला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभं केलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ८० खाटांचं टाटा मेमोरियल सुरू झालं. बाहेर महायुद्ध चालू होतं. या रुग्णालयात सुरुवातीपासून डॉक्टरांच्या जोडीला भौतिकशास्त्र होतं आणि ते काम नायडूंकडे होतं.

त्या काळी कोबाल्टची मशीनं नव्हती. किरणांचा मुख्य स्रोत रेडियम. प्रचंड महाग, आणि अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. एकदा हरवलं की पिढ्यान्‌पिढ्या धोका. म्हणून मोठ्या रुग्णालयांत एक युक्ती वापरत. रेडियमचा क्षार द्रावणात तिजोरीसारख्या बंदोबस्तात ठेवायचा. त्यातून सतत रेडॉन वायू निघत असतो. तो पंपानं खेचायचा, शुद्ध करायचा, बारीक नळीत भरून तिचे बंद तुकडे करायचे आणि ते तुकडे रुग्णाच्या गाठीत बसवायचे. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, त्यामुळे महिन्याभरात नळी जवळजवळ निष्क्रिय. रेडियम घरच्या घरी सुरक्षित. म्हशीला गोठ्यातच ठेवून दूध तेवढं बाहेर पाठवावं, तसं. परळला नायडूंनी असा रेडॉनचा प्लांट उभा केला.

पण दूध काढल्या क्षणापासून नासायला लागतं, तसंच इथे. सकाळी भरलेली नळी संध्याकाळी तेवढीच ताकदवान नसते. २४ तासांत तिची ताकद १७ टक्क्यांच्या आसपास घटते. म्हणजे प्रत्येक नळीवर भरल्याची वेळ हवी, बसवण्याच्या वेळेचा हिशेब हवा आणि काचेच्या पंपावर बसून तो वायू हाताळणाऱ्याच्या फुफ्फुसांची काळजीही हवी. हे काम डॉक्टरचं नव्हतं आणि कारकुनाचंही नव्हतं. त्यातूनच रुग्णालयात फिजिसिस्टची जागा तयार झाली. नायडू पुढे युनेस्कोचे सल्लागार झाले. आजही भारतीय मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेत त्यांच्या नावानं व्याख्यान होतं.

एक माणूस पुरत नाही

एका रुग्णालयाला एक नायडू मिळाले. देशाला कुठून मिळणार? १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० वापरून बाहेरून किरण देणारी यंत्रं सुरू झाली. रेडियमपेक्षा स्वस्त आणि कितीतरी ताकदवान. भारतातही अशी यंत्रं येऊ लागली. यंत्र परदेशातून बोटीनं आणता येतं, पण ते मोजणारा माणूस कुठून आणायचा? विद्यापीठांत फिजिक्सचे एमएस्सी होते, पण त्यांनी रुग्ण पाहिलेला नव्हता. मेडिकल कॉलेजांत डॉक्टर होते, पण त्यांचा गणिताशी काडीमोड झालेला होता.

याचं उत्तर ट्रॉम्बेत तयार झालं. होमी भाभांना वाटत होतं की कर्करोगाच्या उपचारात किरणांचं महत्त्व वाढतच जाणार. १९६२ साली टाटा मेमोरियलचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे आला. रुग्णालय अणुऊर्जेकडे का, हा प्रश्न आजही अनेकांना पडतो. उत्तर या दूरदृष्टीत आहे. त्याच १९६२ साली ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा सुरू झाला. फिजिक्सचा एमएस्सी आत घ्यायचा आणि वर्षभरात त्याला रुग्णालयात उभं राहण्याजोगा करायचा. अनेक दशकं देशभरातल्या किरणोपचार विभागांना फिजिसिस्ट पुरवले ते मुख्यतः या वर्गानं. या पेशातल्या कितीतरी लोकांचं करिअर एकाच साच्यातलं दिसतं: ट्रॉम्बेत शिकायचं, रुग्णालयात राबायचं, मग स्वतः शिकवायचं.

काय शिकवत असतील तिथे? तीन उदाहरणं देतो. आकडे वहीवर करून बघता येतील असे आहेत.

पहिलं, कोबाल्टचं वय. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. म्हणजे दर महिन्याला ताकद सुमारे १.१ टक्क्यानं कमी. जानेवारीत एका रुग्णाला १०० सेकंद दिले असतील, तर पुढच्या जानेवारीत तेवढ्याच मात्रेसाठी ११४ सेकंद लागतात. तक्ता बदलायला विसरलात तर वर्षभरानंतरच्या रुग्णाला १२ टक्के कमी औषध मिळालं, आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

दुसरं, अंतर. किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. कोबाल्ट यंत्रात स्रोत ते कातडी हे अंतर पुष्कळदा ८० सेंटिमीटर असतं. टेबल दोन सेंटिमीटर वर राहिलं, तर मात्रा ५ टक्के जास्त. दोन सेंटिमीटर म्हणजे करंगळीचं एक पेर.

तिसरं मला सगळ्यात आवडलेलं. मात्रा मोजायला आयनीभवन कक्ष वापरतात. अंगठ्याएवढ्या छोट्या पोकळीत हवा असते, किरणांनी त्या हवेत विद्युतभार तयार होतो, तो मोजायचा. पण पोकळी बाहेरच्या हवेला उघडी असते. हवा विरळ असेल तर आत रेणू कमी, भार कमी, आकडा कमी. म्हणून फिजिसिस्टच्या टेबलावर तापमापक आणि वायुभारमापक असतातच. तीन अंश तापमान वाढलं की वाचनात एक टक्का फरक. मुंबईत समुद्रसपाटीला शिकलेला माणूस पुण्यात नोकरीला गेला आणि हवेच्या दाबाची दुरुस्ती करायला विसरला, तर तिथल्या साडेपाचशे मीटर उंचीमुळे त्याचं उपकरण सुमारे ६ टक्के कमी दाखवेल. त्याला वाटेल मशीनच अशक्त आहे. तो वेळ वाढवेल, आणि भुर्दंड रुग्णाच्या पेशी भरतील.

हिशेब चुकतो तेव्हा

या साध्या गणितात चूक कोण करेल, असं वाटतं. १९७४ ते १९७६ या काळात अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात एका कोबाल्ट यंत्रावर चारशेहून जास्त रुग्णांना वाजवीपेक्षा जास्त मात्रा मिळाली, काहींना जवळजवळ दीडपट. यंत्र नीट होतं. चूक आलेखात होती. कोबाल्टचा ऱ्हास वक्र असतो. दरवेळी उरलेल्याच्या ठरावीक टक्के घटतो, सोसायटीच्या हप्त्यासारखा ठरावीक रकमेनं नाही. तिथल्या फिजिसिस्टनं तो साध्या आलेख-कागदावर सरळ रेषेत पुढे ओढला. कागदावरचा कोबाल्ट खऱ्या कोबाल्टपेक्षा लवकर म्हातारा होत गेला आणि म्हणून उपचाराचे सेकंद वाढत गेले. यापेक्षा हादरवणारी गोष्ट पुढची. २२ महिने कुणी यंत्राची ताकद प्रत्यक्ष मोजलीच नाही. एका सकाळच्या मोजणीनं चूक उघडी पडली असती.

दुसरी गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या जिव्हारी लागणारी. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेलं प्रवेगक यंत्र. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीची मात्रा सुटू नये म्हणून तारांचे आणि फ्यूजचे स्वतंत्र अडसर होते. नव्या मॉडेलमध्ये ते काढून काम सॉफ्टवेअरवर सोपवलं. १९८५ ते १९८७ दरम्यान त्यातून सहा जणांना भयानक मात्रा बसल्याची नोंद आहे. त्यातले काही त्यानं दगावले. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत ही घटना 'रेस कंडिशन'चं उदाहरण म्हणून हमखास येते. दोन कामं एकाच वेळी चालू, कोण आधी संपवेल याची खात्री नाही, आणि एका विशिष्ट क्रमात सगळं कोसळतं.

त्या गोष्टीतला एक भाग सांगायचा बहुधा राहून जातो. मार्च १९८६ मध्ये टेक्ससमधल्या टायलर गावात एका रुग्णाला टेबलावर विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढंच. मशीनच्या हिशेबानं मात्रा ठरल्यापेक्षा कमीच गेली होती. कंपनीचे इंजिनिअर आले, त्यांना काही सापडलं नाही. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या रुग्णाबरोबर तेच घडलं. तेव्हा रुग्णालयाच्या फिजिसिस्टनं यंत्र बंद केलं. ऑपरेटरला शेजारी बसवून, तिनं त्या दिवशी नेमकी कोणती बटणं कोणत्या क्रमानं आणि किती वेगानं दाबली, हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तिचा हात सरावाचा होता. चुकून टाकलेलं अक्षर बदलून ती आठ सेकंदांच्या आत पुढे जायची. तेवढ्या वेळात आतल्या चुंबकांची जुळणी पूर्ण होत नसे आणि बदल मशीनला कळतच नसे. कंपनीला न सापडलेली चूक या दोघांनी मुद्दाम घडवून दाखवली.

आमच्या धंद्यात याला बग रिप्रोड्यूस करणं म्हणतात आणि ते अर्धं काम मानलं जातं. इथे ते करणारा प्रोग्रॅमर नव्हता. पडद्यावरच्या आकड्यापेक्षा माणसाच्या अंगावरच्या खुणेवर विश्वास ठेवायचं ज्याला शिकवलं होतं, असा फिजिसिस्ट होता.

पाकिटातली परीक्षा

या दोन गोष्टींचा मथितार्थ एकच: मोजणाऱ्याला मोजणारा दुसरा कुणीतरी हवा. ही दुसरी नजर या पेशानं पद्धतीतच बसवून टाकली आहे. ट्रॉम्बेची प्रयोगशाळा देशभरातल्या रुग्णालयांची मोजणी-उपकरणं प्रमाणित करून देते. त्यापलीकडे टपालानं परीक्षा असते. छोट्या कुप्यांत एक खास पूड रुग्णालयाला पाठवतात. ही पूड किरणांची ऊर्जा साठवून ठेवते आणि तापवली की त्या प्रमाणात उजेड देते. रुग्णालयानं तिला स्वतःच्या हिशेबानं ठरलेली मात्रा द्यायची आणि पाकीट परत पाठवायचं. प्रयोगशाळा उजेड मोजते आणि दोन आकडे शेजारी ठेवते. ५ टक्क्यांच्या आत फरक असला तर ठीक. नाहीतर कुठे चुकलं ते शोधायचं. पुडीला रुग्णालय सरकारी की पंचतारांकित हे कळत नाही.

१९७६ साली देशातल्या मेडिकल फिजिसिस्टांची संघटना झाली. १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ आलं. आज किरणोपचार केंद्राला परवाना हवा असेल तर पात्र फिजिसिस्ट आणि किरण-सुरक्षा अधिकारी असावेच लागतात. डिप्लोमानंतर वर्षभराची रुग्णालयातली उमेदवारीही लागते. म्हणजे ज्या माणसाचं नाव रुग्णाला ठाऊक नसतं, तो नसेल तर मशीन चालूच करता येत नाही.

खाडीच्या अलीकडे

आमचं करंजा उरणच्या टोकाला, धरमतर खाडीच्या तोंडाशी. इथून परळ गाठायचं तर मोऱ्याहून लाँचनं भाऊचा धक्का, तिथून पुढे. दर्याला उधाण असलं की तेही नाही. एकदा जाणं काहीच नाही. पण शेक रोज असतात, सहा आठवडे, तीस-बत्तीस खेपा. नाखवा आजारी पडला तर होडी उभी राहते आणि सोबत जाणाऱ्याचा रोजही बुडतो. किरणोपचारात अंतराचा वर्ग मशीनच्या डोक्यापासून मोजतात, पण रुग्णाच्या घरापासूनचं अंतरही उपचाराला तेवढंच नडतं. खेप चुकली की मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात.

म्हणून खारघर महत्त्वाचं. पनवेल तालुक्यातल्या खारघरला २००२ साली टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, सुरू झालं. भाभा केंद्रानं बनवलेलं भारतीय कोबाल्ट यंत्र, भाभाट्रॉन, पहिल्यांदा बसवलं गेलं ते इथेच. त्याला बॅटरीचा आधार आहे, त्यामुळे वीज गेली तरी उपचार मधेच तुटत नाही. लोडशेडिंग माहीत असलेल्या माणसांनी बनवलेलं यंत्र आहे, हे लगेच कळतं. त्यात लागणारा कोबाल्ट देशातल्या अणुभट्ट्यांत तयार होतो आणि तो पुरवणाऱ्या सरकारी संस्थेचं मुख्यालय वाशीला आहे. पुढे असं यंत्र भारतानं व्हिएतनामलाही दिलं. २०२४ च्या जानेवारीत लोकल उरणपर्यंत आली आणि करंजाच्या माणसाला खारघर रेल्वेनं गाठता येऊ लागलं.

आता नायडूंचा आलेख. जड विद्युतभारित कण पदार्थातून जाताना सुरुवातीला थोडी ऊर्जा सोडतो आणि थांबायच्या अगदी आधी भसकन मोठा वाटा टाकतो. वेग कमी झाला की प्रत्येक अणूपाशी तो जास्त वेळ रेंगाळतो, म्हणून. ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्फा कणांत हे पाहिलं. त्याच जातीचे वक्र नायडू पॅरिसला मोजत होते. १९४६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन यांनी सुचवलं की प्रोटॉनचं हे शेवटचं टोक ट्यूमरवर आणून ठेवता येईल. पलीकडच्या भागाला जवळजवळ काहीच लागणार नाही. वाढत्या वयाच्या मुलांसाठी हे फार मोलाचं. २०२३ साली खारघरच्या टाटा मेमोरियलच्या आवारात प्रोटॉन उपचार केंद्र सुरू झालं. १९३४ साली ज्याचा रुग्णाशी संबंध नव्हता, तो आलेख आज तिथे पुन्हा पुन्हा नव्यानं काढला जातो आणि टोक ठरलेल्या मिलिमीटरवर आहे ना, हे पाहिलं जातं.

पुढचा प्रश्न

आता अवयवांच्या कडा आखणं, किरणांची दिशा ठरवणं, मात्रेचा नकाशा काढणं यातलं बरंचसं सॉफ्टवेअर करतं. ते माणसापेक्षा वेगानं करतं, पुष्कळदा चांगलंही. मी याच्या विरोधात नाही, माझं पोटच त्यावर आहे. पण 'टेस्ट पास झाल्या' हे वाक्य मी रोज ऐकतो आणि त्याचा अर्थ किती मर्यादित असतो, हेही मला माहीत आहे. प्रोग्रॅमनं स्वतःचंच उत्तर तपासलं तर कोलंबसचा आलेख पुन्हा सरळ रेषेत ओढला जाईल, फक्त जास्त सुबक दिसेल. सॉफ्टवेअरचा ज्याच्याशी संबंध नाही, अशी एक तरी मोजणी हवी. पाणी, अंगठ्याएवढी हवेची पोकळी, तापमापक, आणि आकडा पटला नाही तर यंत्र बंद ठेवायची मुभा असलेला माणूस.

ती मुभा महत्त्वाची. बाहेर पन्नास रुग्ण ताटकळत असताना 'आज थांबा' म्हणणं सोपं नसतं, विशेषतः त्यातला एखादा पहाटेची पहिली गाडी पकडून आलेला असेल तेव्हा. हे म्हणायला लागणारा ताठपणा पुस्तकातून येत नाही. तो कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवावा लागतो. ट्रॉम्बेत १९६२ पासून जे शिकवलं गेलं, त्यात गणिताइतकाच हाही भाग असणार.

तुमच्या ओळखीत कुणी फिजिक्समध्ये एमएस्सी करत असेल आणि 'पुढे काय, क्लासेसमध्ये शिकवू की बँकेच्या परीक्षा देऊ' असं म्हणत असेल, तर त्याला या वाटेबद्दल सांगा. आपल्या लोकांचे शेक मोजायला माणसं हवी आहेत.